डिस्पॅरिटीचं कार्ड

१९ जानेवारी १९८६, रविवार

गावच्या घराची मागची पडवी. मालन पालथी पडलेली, अंगभर कांजिण्या, आणि मी तिच्या पाठीवरून कडुनिंबाची डहाळी फिरवतेय. मी नऊ वर्षांची, ती, माझी धाकटी बहीण, सात. "अजून गो, अजून जरा वर," ती म्हणायची. माझा हात दुखून यायचा. थांबले की ती डोकं न उचलता पाय आपटायची. समोर अंगणात आंबोशी वाळत घातलेली. कावळे हाकायचे आणि डहाळी फिरवायची — दिवसभर एवढंच काम.

आज मालन विक्रोळीहून आली आणि माझ्या पाठीला तेल चोळून गेली. "वर की खाली?" तिने विचारलं आणि मला एकदम ती पडवी दिसली. मी म्हटलं, "अजून जरा वर." ती हसली. तिलाही आठवलं असेल? विचारलं नाही.

डॉक्टरांनी तारीख दिली. १२ फेब्रुवारी. पोटातली गाठ काढायची. "काढल्याशिवाय इलाज नाही, पण तुमचं हृदय थोडं अशक्त आहे, भूल मानवली पाहिजे." फार सभ्य माणूस. वाईट बातमी सांगताना चष्मा पुसतो.

२१ जानेवारी, मंगळवार

नंदकुमारचा फोन — खालच्या देशपांडे वहिनींकडे. जिना उतरून जाईपर्यंत दम लागला. "बाई, 'डी' कधी देताय? 'ई' चौबळकाका घेऊन बसलेत." हा नंदकुमार माझाच विद्यार्थी. घाटकोपरला त्याचा छोटा छापखाना, आणि आता त्याला शाळांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश काढायचा आहे. दर शब्दाला एक कार्ड. शब्द, उच्चार, अर्थ आणि वापर दाखवणारं एक वाक्य. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं म्हणून 'डी' माझ्या वाट्याला.

ऑपरेशनचं सांगितलं. त्याने तारीख विचारून घेतली. मग म्हणाला, "मग 'डी'ची घाई नको, बाई." म्हणजे घाई आहेच!

दवाखान्यात जाण्याआधी डबा त्याच्या हाती द्यायचा. बिस्किटांच्या डब्यात कार्डं रचून ठेवली आहेत. बाबांच्या गुण्याने रेघा मारते. सुताराचा लाकडी काटकोन तो. पट्टीपेक्षा सरळ रेघ येते.

२२ जानेवारी

काही केलं नाही. झोपले.

२५ जानेवारी, शनिवार

डिस्ओन, डिस्पॅरेज झालं. डिस्पॅरिटीवर अडले.

शाळेच्या जुन्या कोशात सरळ लिहिलंय — असमानता, फरक. चुकीचं नाही. पण पुरेसं नाही. फरक कोणत्याही दोन गोष्टींत असतो. आंबा आणि फणस यांत फरक आहे. पण त्यांच्यात डिस्पॅरिटी आहे असं कोणी म्हणणार नाही. तो शब्द तोंडात येतो तेव्हा म्हणणाऱ्याच्या मनात तराजू असतो. ही दोन पारडी सारखी असायला हवी होती, आणि नाहीत. ती हळहळ त्या शब्दात आहे. एकाच कामाचे दोन पगार. एकाच वर्गातली दोन मुलं. एकाच

पुढे लिहिलं नाही.

मराठीत 'विषमता' म्हणावं तर सभेतल्यासारखं वाटतं, माइकसमोर. 'तफावत' बरा. पण तो मोजमापाचा शब्द. 'अंतर' फारच शांत. बाबा काय म्हणाले असते? बाक डुगडुगला की ते म्हणायचे — "गुण्यात नाही." राग नाही, दोष नाही. नुसतं गुण्यात नाही. मग कुठल्या पायाने घात केला ते वाकून शोधायचे.

वापराचं वाक्य उद्या.

२८ जानेवारी, मंगळवार

वाक्य १ — "नवराबायकोच्या वयातली तफावत पाहून लोक कुजबुजले." खोडलं. दहावीच्या मुलींना हे कशाला!

वाक्य २ — "शहर आणि खेडे यांतील तफावत सरकारने दूर करावी." नागरिकशास्त्र. खोडलं.

वाक्य ३ — "एकाच घरात वाढलेल्या दोन बहिणींच्या आयुष्यात केवढी तफावत होती."

हे खोडलं नाही. कार्ड बाजूला ठेवून गॅसवर दूध ठेवलं. उतू गेलं.

३० जानेवारी, गुरुवार

लिहून टाकते. ही वही मी मराठीतच लिहिते. इंग्रजीत लिहिलं की मी कोणाला तरी उत्तर देत असल्यासारखी लिहिते — मदर सुपिरियर समोर बसल्यात आणि नखं स्वच्छ आहेत का बघतायत.

बाबा वांद्र्याच्या कॉन्व्हेंटात बाकं दुरुस्त करायचे. आम्ही वाकोल्याला एका खोलीत. १९३४ साली मदरनी त्यांना बोलावून सांगितलं, "राजाराम, तुझी एक मुलगी आमच्याकडे पाठव. फी नको." एक. बाबांना दोन. दोघी एकाच वेळी जाण्याजोग्या. बाबा आठ दिवस जेवताना बोलले नाहीत. आई म्हणाली, "थोरली पाठवा." आत्या म्हणाली, "धाकटी हुशार आहे." तेही खरंच होतं.

मग बाबांनी देवीवर सोपवलं. मे महिन्यात गावी गेलो ते त्यासाठीच. रजा संपत आली तेव्हा एका सकाळी बाबांनी कौल लावला. देवळात गुरव, गावचे चार मानकरी, बाबा आणि मी. आई घरी राहिली होती. गुरवाने फुलाचे दोन ओले कळे देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवले. उजवा माझ्या नावाचा, डावा मालनच्या. जिचा कळा आधी पडेल ती मुलगी इंग्रजी शाळेत. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी डोळे मिटले.

मी मिटले नाहीत.

डावा कळा सुटत आला होता. कड उचलली होती त्याची. मला दिसत होतं. मी दोन पावलं पुढे झाले आणि उजव्या कळ्यावर फुंकर मारली. एकच. दगडावर टप असा आवाज झाला. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मेमध्ये बावन्न वर्षं होतील. कोणाला सांगितलेलं नाही. चर्चमधल्या त्या जाळीच्या खिडकीशी कॅथलिक मुली जाऊन पापं सांगायच्या आणि हलक्या होऊन यायच्या. मला किती हेवा वाटायचा! आमच्यात तशी खिडकी नाही.

३१ जानेवारी

लिहिल्याने बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

मालन आली. बरोबर क्षमा, तिची नात. अकरावीत आहे. पोरीच्या हातात कुळथाच्या पिठीचा डबा.

मी कार्डांवर वाकलेली. मालन म्हणाली, "झालं का तुझं डीचं डबडं?"

"एका शब्दावर अडलेय."

"कुठल्या?"

मी सवयीने मोठ्याने म्हणत गेले, डी-आय-एस-पी-ए — आणि ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, "आर-आय-टी-वाय!"

क्षमा ओरडली, "आजी! तुला कसं येतं?"

"हिच्यामुळे. ही बसायची स्पेलिंगं घोकत, मी मोरीत भांडी घासायचे. ही अडली की मी मोरीतून सांगायचे. हिचा मान, माझी राख."

"मग अर्थ सांग ना!"

"अर्थ कोण सांगणार? मोरीत अर्थ ऐकू येत नसे. नुसती अक्षरं यायची."

दोघी हसल्या. मीही हसले. हसणं भागच होतं.

मालन म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीपर्यंत गेली. नंतर आईचं दुखणं, घर, मग लग्न, मग कारखान्यात पॅकिंगला सव्वीस वर्षं. दिवसभर उभी. उभी मीही राहिले, फळ्यासमोर. पण घंटा झाली की मला खुर्ची होती. तिचे घोटे आता संध्याकाळी दुधीभोपळ्यासारखे होतात. तरी दर रविवारी दोन बस बदलून मुलुंडला येते आणि माझी पाठ चोळते.

मी कधी तिचे पाय चेपलेत? एकदा धरायला गेले तर म्हणाली, "चल, टीचरबाई! शोभतं का?"

जाताना क्षमाने दारात विचारलं, "मोठी आजी, ऑपरेशन झाल्यावर मला इंग्रजी शिकवशील ना?" मालनने तिला कोपर मारलं. शिकवीन म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगायला हवं. बारा तारखेच्या आत. भूल उतरली नाही तर ही गोष्ट माझ्याबरोबर जाईल, आणि मालन आयुष्यभर समजत राहील की देवीने तिला नाकारलं. तिने ते कसं घेतलंय मला माहीत आहे. क्षमाच्या बापाला शाळेत घालताना म्हणाली होती, "आमच्या नशिबात पुस्तकं नाहीत, देवीनेच सांगितलंय." हसत म्हणाली होती. मी तेव्हा चहा गाळत होते.

पण सांगून काय मिळेल? तिचं रविवारचं येणं जाईल. तेवढं एकच आहे माझ्याकडे.

डिस्पॅशनेट, डिस्पॅच, डिस्पेल — तीन कार्डं झाली. त्यांच्या आधीचं एक अजून अपुरंच.

६ फेब्रुवारी

नंदकुमार स्वतः आला. मोसंबी घेऊन. "बाई, 'तफावत' लिहा आणि पुढे चला. मुलांना परीक्षेत तेवढंच लागतं."

मी म्हटलं, "नंदकुमार, तू कुठल्याही दोन गोष्टींत डिस्पॅरिटी दाखवशील आणि मी मार्क कापीन."

"अजून कापता?"

"अजून कापते."

तो हसला, पण जाताना वाकून नमस्कार केला. पूर्वी कधी करत नसे. लोक असे वागायला लागले की भीती वाटते.

७ फेब्रुवारी

दात घासतानाही थकले.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

मालन एकटीच आली होती. क्षमाला मुद्दाम आणलं नाही म्हणाली, "पोरगी तुझ्यासमोर रडेल." टेबलावर मेथी निवडत बसली. टेबल डुगडुगत होतं. तिने एकदोनदा सहन केलं, मग म्हणाली, "सुताराची मुलगी ना तू? लाज नाही वाटत?" आणि डब्यातलं एक कार्ड उचललं, घडी घातली, वाकून पायाखाली सारलं. कोणतं कार्ड ते बघितलंच नाही तिने. मी बघितलं. सगळ्या डब्यात तेवढं एकच वर आडवं ठेवलेलं होतं.

टेबल थांबलं.

"हां," ती म्हणाली, "आता गुण्यात आलं."

तो बाबांचा शब्द ऐकला आणि माझ्याने राहवेना. म्हटलं, "मालन, कौल माझा नव्हता." सगळं सांगितलं. कळा, कड, फुंकर. तिच्याकडे न बघता सांगितलं, मेथीकडे बघत. माझा आवाज वर्गातल्यासारखा येत होता, स्वच्छ, सगळे शब्द पूर्ण. स्वतःचीच लाज वाटली.

ती थांबली नाही. काड्या बाजूला, पानं बाजूला. मग एकदम म्हणाली, "खुळी काय गो तू, बाय?"

"मालन —"

"बावन्न वर्षं हे घेऊन बसलीस? अगं, माझा कळा पडणारच नव्हता! मी शीत लावलं होतं त्याला."

मला कळेना.

"भाताचं शीत. तबकातला एक कळा मी आधीच उचलला, मागे शीत चोळलं आणि गुरवमामाच्या हातात दिला — हा माझा म्हणून. माका नव्हतं जायचं तुझ्या त्या पांढऱ्या बायांकडे! शेजारची कमळी सांगायची, त्या मुलींचे केस कापतात. माझे केस बघ केवढे होते तेव्हा!"

"पण कड उचललेली होती. मी बघितली."

"कड उचलेल. मधे शीत होतं ना!" आणि ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, पदराने पुसलं. "तू फुंकर मारलीस, मी शीत लावलं. बिचाऱ्या देवीला कोणी विचारलंच नाही."

मीही हसले. मग रडले. तिने मेथीचे हात साडीला पुसले आणि माझं डोकं पोटाशी धरलं. म्हणाली, "आता तो डॉक्टर काय ती गाठ काढेल. ही एक आपणच काढली."

मी खूप आठवायचा प्रयत्न केला, ती देवळात कुठे उभी होती. आठवेना. साहजिक आहे. मी सारा वेळ माझ्याच कळ्याकडे बघत होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उठले ती वेगळीच. चहाला चव होती! गॅलरीत उभी राहून खालच्या भाजीवाल्याशी वाद घातला, कोथिंबिरीवरून. देशपांडे वहिनी म्हणाल्या, "आज स्वारी खुशीत?"

बावन्न वर्षं मी चोर होते. आणि चोरी झालीच नव्हती! मालनला जायचंच नव्हतं. केस वाचवायचे होते तिला. हे आधी विचारलं असतं तर? लग्नात, तिच्या बाळंतपणात, बाबा गेले तेव्हा — किती वेळा ओठांवर आलं होतं.

'डी'ची बाकीची कार्डं संपवली. डायव्हर्जपासून डझनपर्यंत, आणि पुढची. हात भराभर चालला. एकच राहिलं. ते टेबलाखाली आहे. काढलं तर टेबल पुन्हा हलेल. नवं करीन. वाक्य सुचेल आता, साधंसं, कोणाला न दुखवणारं.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दवाखाना

दाखल झाले. खाट खिडकीजवळ. नर्स मालवणकडची निघाली, तिच्याशी मालनची लगेच गट्टी. मालन घरी जायला तयार नव्हती, हाकललं. जाताना वळून म्हणाली, "घाबरू नको हां. फुंकर मारायला मी आहे."

चमचाभर पेज. बाकी उपाशी.

नंदकुमारला डबा पोचला. चिठ्ठी आली — "बाई, ११४ कार्डं मिळाली. एक कमी आहे. चालेल."

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी

खिडकीबाहेर कडुनिंब आहे. काल संध्याकाळी लक्षात आला नव्हता. आत्ता उजाडल्यावर वाऱ्याने एक डहाळी गजाला घासायला लागली, आणि मला सगळं आठवलं. मालन देवळात नव्हतीच. कांजिण्या उतरल्या नव्हत्या. गुरवाने बजावलं होतं, अंगावर फोड आहेत तोवर पोरीने देवळाची पायरी चढायची नाही. आई तिच्यापाशी घरी राहिली ती म्हणूनच. कौल लागून मी धावत परत आले तेव्हा ती त्याच पडवीत पालथी पडलेली होती. न वळता तिने विचारलं, "कोणाचा पडला गो?" "माझा," मी म्हटलं आणि डहाळी उचलली.

तबक नाही, शीत नाही. मेथी निवडता निवडता तिने ते सगळं रचलं. पाच जुड्या व्हायच्या आत.

आठला नेणार आहेत. काही झालं तर — हे वेगळ्या कागदावर उतरवून नर्सकडे देईन, शेवटची ओळ सोडून —

मुलुंडची खोली मालनला. अर्धी नव्हे, सगळी. कागद कपाटात वरच्या कप्प्यात, सही केलेले.

बाबांचा गुण्या मालनला.

मदरनी दिलेलं पितळी घड्याळ आणि सगळी पुस्तकं क्षमाला. तिला इंग्रजी शिकवायचं नंदकुमारने. हे मी त्याच्यावर सोपवते. फी घ्यायची नाही.

डिस्पॅरिटीचं कार्ड टेबलाच्या पायाखाली आहे. ते काढू नये. नंदकुमारने नवं करावं आणि 'तफावत' लिहावं. वाक्य त्याला सुचेल ते.

टेबल देशपांडे वहिनींना, कार्डासकट.

ही वही क्षमाने न वाचता बंबात घालावी. मालनच्या हाती देऊ नये. तिला वाटू दे, मला पटलं.